ऑस्करला सिनेमा पाठवणाऱ्यांनो, कारण सांगा

प्रति,
ऑस्कर निवड समिती,
फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया

सप्रेम नमस्कार.

२२ जानेवारी २०२६ ला यंदाची ऑस्कर नामांकनं जाहीर झाली. भारताकडून गेलेला ‘होमबाउंड’ परदेशी भाषांच्या सिनेमांच्या गटात शेवटच्या पंधरापर्यंत पोचला होता, नामांकनाच्या पाचांत आला नाही. वाईट वाटलं, पण राग आला नाही. सिनेमा चांगला होता, तो तुम्ही पाठवला, जगातल्या पंधरांत तो बसला आणि पुढचं दार उघडलं नाही. स्पर्धेत असं होतं. हे पत्र त्यामुळे हरल्याच्या चिडीतून लिहिलेलं नाही. उलट गेल्या वर्षी तुमचं बरोबर आलं म्हणूनच लिहावंसं वाटलं. ते बरोबर का आलं आणि आधी इतक्यांदा का चुकलं, हे तुमच्याकडून कधीच कळत नाही.

मी सिनेमाच्या धंद्यातली नाही. पुण्यात नोकरी करते, सिनेमे बघते. आम्ही पाच जण २०१३ पासून एक वही ठेवतो. साधी दोनशे पानी वही आहे, कोपरे दुमडलेले, मधल्या एका पानावर चहाच्या कपाचा गोल डाग. त्यात वर्षातून दोनदा अंदाज लिहितो. सप्टेंबरात लिहायचं की भारताकडून कोणता सिनेमा जाईल, आणि जानेवारीत लिहायचं की परदेशी भाषांच्या गटात कोणते पाच येतील. प्रत्येकाची सही, तारीख, आणि एका ओळीत कारण. कारण लिहिल्याशिवाय अंदाज धरायचा नाही, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

ती वही परवा पुन्हा चाळली. जानेवारीचे अंदाज बहुतेक वर्षी पाचांपैकी तीन-चार तरी लागलेले आहेत. सप्टेंबरचा अंदाज मात्र माझा इतक्या वर्षांत तीनदाच लागला: २०१५ मध्ये ‘कोर्ट’, २०१९ मध्ये ‘गली बॉय’ आणि गेल्या वर्षी ‘होमबाउंड’. हजारो मैल लांबच्या, कधी न भेटलेल्या मतदारांचं मन आम्हाला ओळखता येतं, आणि आपल्याच देशातल्या दहा-पंधरा माणसांच्या समितीचं येत नाही. याचा मी बराच विचार केला.

जानेवारीचा अंदाज लागतो कारण माग काढता येतो. यंदाचे पाच बघा. ब्राझीलचा ‘द सीक्रेट एजंट’, फ्रान्सचा ‘इट वॉज जस्ट अॅन अॅक्सिडेंट’, नॉर्वेचा ‘सेंटिमेंटल व्हॅल्यू’ आणि स्पेनचा ‘सिरात’ हे चारही फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेतले. पाचवा ट्युनिशियाचा ‘द व्हॉइस ऑफ हिंद रजब’, तो इटलीतल्या व्हेनिस महोत्सवाचा. त्याआधीच्या वर्षी ‘आय अॅम स्टिल हिअर’ व्हेनिसचा आणि बाकीचे चार कानचे. दोन वर्षांत दहा सिनेमे, दहाही या दोन महोत्सवांतून आलेले. महोत्सवाचा शिक्का म्हणजेच गुणवत्ता असं मी म्हणत नाही, ‘लगान’ त्या वाटेने गेला नव्हता. पण आजचा मतदार सिनेमा कुठे शोधतो हे तर स्पष्ट दिसतं. रोजचं वर्तमानपत्र वाचणाऱ्यालाही दिसतं.

आणि २०२४ मध्ये कानच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी आपला सिनेमा गेला. १९९४ च्या ‘स्वहम’नंतर पहिल्यांदा. नुसता गेला नाही, पाल्म दोर या कानच्या सर्वोच्च पारितोषिकाखालोखालचा ग्राँ प्री घेऊन आला. आमच्या लॉ कॉलेज रस्त्यावरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडिया यांचा ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’. त्या सप्टेंबरात आमच्या वहीत पाचही जणांनी हे एकच नाव लिहिलं. असं त्याआधी एकदाही झालं नव्हतं.

२३ सप्टेंबरला तुम्ही चेन्नईत एकोणतीस सिनेमांतून ‘लापता लेडीज’ची निवड जाहीर केली.

‘लापता लेडीज’ मला मनापासून आवडला होता. आमच्या घरी तो तीनदा बघितला गेला. किरण राव यांच्यावर किंवा त्या सिनेमावर माझा काडीचाही राग नाही, आणि त्या वेळी त्यांच्यावर जे तोंडसुख घेतलं गेलं ते चुकीचंच होतं. दोन्ही सिनेमांत छाया कदम आहेत. एकात रेल्वे फलाटावर चहा-भज्यांची टपरी चालवणारी मंजू माई, दुसऱ्यात मुंबईच्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती. ‘फँड्री’ आणि ‘सैराट’पासून आपण ज्या बाईंना ओळखतो, त्या एकाच वर्षात दोन्हीकडे उभ्या होत्या. कोणताही गेला असता तरी मला आनंद झाला असता, कारण नीट सांगितलं असतं तर.

पण कारण काय कळलं? तुमच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी एका मुलाखतीत सांगितलं की, ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ बघताना भारतात घडणारा युरोपियन सिनेमा बघतोय असं ज्युरीला वाटलं, भारतात घडणारा भारतीय सिनेमा नाही. हे वाक्य मला गेलं दीड वर्ष सोडत नाही.

त्याच नोव्हेंबरात ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ सगळीकडे लागला तेव्हा मी माझ्या आत्याला घेऊन गेले. आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. परळच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं आयाबाई होती, लालबागला चाळीत राहायची, आता दापोली तालुक्यात गावी असते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्याला आली होती, त्याला महिना होऊन गेला होता. सकाळचा खेळ, सगळी मिळून अकरा माणसं. सिनेमा बराचसा मल्याळममध्ये, खाली अक्षरं इंग्रजी. मी तिच्या कानाला लागून सांगत होते. पार्वती बोलायला लागली की मात्र मला काही सांगावं लागत नव्हतं.

पार्वतीचा नवरा गेलेला आहे. खोली कित्येक वर्षांची, पण तिच्या नावाने एक कागद नाही, आणि बिल्डर ती बाहेर पडायची वाट बघतोय. त्या प्रसंगाला आत्याने माझं मनगट धरलं. तिच्या खोलीच्या भाडेपावत्या मामांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या नावावर होत्या. मामा गेले तेव्हा तिने सगळ्या पावत्यांचं पुडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलं, पिशवी डालड्याच्या डब्यात घातली आणि डबा पत्र्याच्या पेटीत. गावी जाताना ती पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसली होती, मी सोबत होते. ती हळूच म्हणाली, “आमच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीवालीचं हेच झालं.” पुढे प्रभा नर्स रात्री स्वयंपाकघरात जमिनीवर बसून परदेशातून आलेला भाताचा कुकर पोटाशी धरते, तिथे मी काही बोलणार इतक्यात आत्यानेच मला गप्प केलं. तिला अक्षरं वाचता येत नव्हती आणि तिथे वाचायला काही नव्हतंही. शेवटी गोष्ट रत्नागिरीच्या किनाऱ्यावर येते. पार्वती गावच्या घरी परत येते. आत्या खुर्चीत सरळ होऊन बसली आणि घर बंद राहिल्यावर काय काय करावं लागतं ते मला सांगायला लागली.

यातलं युरोपियन काय होतं? परळचं हॉस्पिटल? पावसातली लोकल? कागद नसलेली खोली? गिरण्या गेल्या, त्या जागी टॉवर आले, आणि ज्यांनी हे शहर चालवलं त्यांना गावची वाट धरावी लागली, ही गिरणगावातल्या घराघरातली गोष्ट आहे. ती संथ सांगितली, गाण्याशिवाय सांगितली, म्हणून ती आपली राहिली नाही असं कसं म्हणता येईल?

बरं, जगात बाकीचे देश या बाबतीत काय करतात तेही बघा. त्याच वर्षी जर्मनीने इराणी दिग्दर्शक मोहम्मद रसूलोफ यांचा फारसी सिनेमा पाठवला. तेहरानमधली गोष्ट, पात्रं इराणी, पैसा आणि पाठबळ जर्मनीचं. तो पाचांत आला. ब्रिटनने ‘संतोष’ पाठवला. उत्तर भारतातल्या एका महिला पोलीस शिपायाची गोष्ट, भाषा हिंदी. तो पंधरांत आला, आपली प्रवेशिका आली नाही. यंदा फ्रान्सने जाफर पनाही यांचा फारसी सिनेमा पाठवला, तोही पाचांत. आणि ज्या सिनेमाला आपण युरोपियन म्हणालो, तो फ्रान्सने २०२४ मध्ये स्वतःच्या शेवटच्या चारांत विचारात घेतला होता, कारण निर्मितीत मोठा वाटा फ्रेंच होता. अखेर त्यांनी ‘एमिलिया पेरेझ’ निवडला. त्याला तेरा नामांकनं मिळाली. पायल कपाडियांचा सिनेमा मग कोणत्याच देशाचा उरला नाही. ब्रिटनच्या बाफ्टा पुरस्कारांत त्याला इंग्रजीतर सिनेमाचं नामांकन मिळालं, अमेरिकेच्या गोल्डन ग्लोबमध्ये त्याच गटासोबत दिग्दर्शनासाठीही मिळालं. तेव्हा ऑस्करच्या या एका गटात देशाने पाठवल्याशिवाय प्रवेश नव्हता, आणि देश म्हणजे या कामापुरते तुम्ही.

‘लापता लेडीज’ निवडताना तुम्ही जे मानपत्र काढलं त्याबद्दलही लिहिणं भाग आहे. भारतीय स्त्रिया म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं विचित्र मिश्रण, अशी त्याची सुरुवात होती. तेरा जणांची ती समिती, तेराही पुरुष. दोन स्त्री दिग्दर्शकांचे स्त्रियांवरचे दोन सिनेमे समोर असताना खोलीत एकही बाई नव्हती. त्या मानपत्रात सिनेमाच्या मांडणीबद्दल, तो परदेशी मतदारापर्यंत कसा पोचेल याबद्दल काही तरी मिळेल म्हणून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं.

मागे जाऊन वहीतली पानं लावते. २०१३ चं पहिलंच पान ‘द लंचबॉक्स’चं. कानच्या क्रिटिक्स वीक या विभागात प्रेक्षकांनी निवडलेला, अमेरिकेत सोनी पिक्चर्स क्लासिक्ससारखा या गटातला मुरलेला वितरक हातात असलेला, मुंबईच्या डब्यांचा सिनेमा. तुम्ही गुजराती ‘द गुड रोड’ पाठवला. तो प्रामाणिक सिनेमा होता, पण अमेरिकेत त्याच्या पाठीशी कोण उभं राहणार याचा विचार झाला होता का, हे आजही कुणाला माहीत नाही. २०२० ला आम्ही चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ लिहिला होता. आपल्या मराठीतला, शास्त्रीय गाण्याच्या साधनेवरचा, व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत पटकथेचं पारितोषिक मिळवलेला. गेला ‘जल्लीकट्टू’. हा दणकट सिनेमा आहे, त्याची निवड मला चूक वाटत नाही. दोन चांगल्यांतून एक निवडायचा तर दुसरा मागे राहणारच. गेल्या वर्षीही तसंच होतं. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथापटांच्या विभागातलं ज्युरीचं सर्वोच्च पारितोषिक आणलं, मराठीत असं आधी कधी घडलं नव्हतं. तरी ‘होमबाउंड’ गेला याबद्दल माझी तक्रार नाही. नीरज घेवान यांचा तो सिनेमा कानला होता, हॉलिवूडचे दिग्दर्शक मार्टिन स्कोर्सेसी त्याच्या पाठीशी उभे होते. गेल्या वर्षीच्या एन. चंद्रा यांच्या निवड समितीने वाटचाल कुठून होते ते ओळखलं असं मला वाटतं. वाटतं एवढंच म्हणू शकते, कारण समितीने कसा विचार केला हे तपशिलात बाहेर आलंच नाही.

एक पान माझ्या चुकीचं आहे. २०२२ ला आम्ही ‘आरआरआर’ लिहिला होता आणि तुम्ही ‘छेल्लो शो’ पाठवलात तेव्हा मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. नंतर ‘छेल्लो शो’ पाहिला. सौराष्ट्रातला तो लहान मुलगा, प्रोजेक्टरच्या खोलीत बसून आईने दिलेला डबा देऊन सिनेमा बघणारा. तो सिनेमा पंधरांत गेला, आणि ‘नाटू नाटू’ने स्वतःच्या बळावर गाण्याचं ऑस्कर आणलं. दोन्ही वाटा मोकळ्या राहिल्या. तुमचा निर्णय बरोबर होता. त्या वेळी दोन पानांचं स्पष्टीकरण दिलं असतं, तर माझ्यासारख्या कितीतरी लोकांनी महिनाभर उगाच शिव्या घातल्या नसत्या.

आणखी एक गोष्ट मला सतत खुपते. कथापटांच्या या गटात आपल्याला आजवर तीनच नामांकनं आहेत: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे!’, ‘लगान’. शेवटचं २००२ मधलं. पण माहितीपटांच्या गटात देशाची शिफारस लागत नाही, आणि तिथे २०२२ ला ‘रायटिंग विथ फायर’, २०२३ ला ‘ऑल दॅट ब्रीद्स’ अशी लागोपाठ नामांकनं आली. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ने तर २०२३ ला लघुमाहितीपटाचा पुरस्कारच आणला. आपल्याकडे सिनेमा करणारी माणसं कमी आहेत असं यावरून तरी दिसत नाही.

आता निवडीला होणाऱ्या उशिराबद्दल. २००४ साली ‘श्वास’ ऑस्करला गेला तेव्हा मी नोकरीला नवीन होते. ‘श्यामची आई’नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं होतं, आणि संदीप सावंत यांच्या त्या छोट्या सिनेमाकडे अमेरिकेत जाऊन खेळ लावायला, जाहिराती द्यायला पैसे नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. आमच्या ऑफिसात मिठाईचा रिकामा खोका फिरला होता, झाकणाला चाकूने फट पाडलेली. शिपायांपासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी त्यात टाकले. मीही पन्नास रुपये टाकले, तेव्हा ते मला जड होते. निवड जाहीर झाल्यावर हातात मोजके आठवडे उरतात, आणि त्या आठवड्यांत ज्याच्या मागे मोठा स्टुडिओ नाही तो माणूस पैसे गोळा करत बसतो. एकवीस वर्षांनंतर गेल्या वर्षीसुद्धा तुमची घोषणा १९ सप्टेंबरला झाली. कानचे निकाल मे महिन्यात लागतात. मधले चार महिने आपण काय करतो?

फ्रान्सलाही असाच चटका बसला होता. २०२३ ला त्यांच्या समितीने ‘अॅनाटॉमी ऑफ अ फॉल’ला डावललं. कानचा पाल्म दोर मिळालेला सिनेमा घरीच बाद झाला, आणि मग सर्वसाधारण गटांत पाच नामांकनं मिळवून मूळ पटकथेचं ऑस्कर घेऊन आला. त्यांनी पुढच्याच वर्षी समिती वाढवली. आधी चार-पाच नावं जाहीर करतात. मग त्या सिनेमांचे निर्माते, विक्री करणारे, अमेरिकी वितरक समितीसमोर बसतात आणि आम्ही हा सिनेमा मतदारांपर्यंत असा नेऊ, एवढे खेळ लावू, एवढा पैसा आहे, असं सांगतात. त्यानंतर निवड होते. ‘एमिलिया पेरेझ’ची निवडही अशीच झाली. ती निवड मला व्यक्तिशः पटली नाही. तरी ती का झाली हे मला पुण्यात बसून कळलं, याचं मला फार वाटतं.

तर माझं मागणं असं आहे. २०२६ च्या निवडीसाठी समितीतली नावं जुलैअखेर जाहीर करा, आणि त्यात बायका असू द्या, अर्ध्या असू द्या. ऑगस्टच्या मध्यावर पाच सिनेमांची यादी बाहेर येऊ द्या. त्या पाचांच्या माणसांना समोर बसवून ऐका, आणि ज्याच्याकडे पैसा नाही त्याला फेडरेशन काय मदत करणार आहे हेही त्याच बैठकीत सांगा. निवड झाली की कोणाला किती मतं पडली ते सांगा. मागे राहिलेल्या चारांबद्दल प्रत्येकी एक परिच्छेद लिहा. ज्यांनी पाच-सहा वर्षं घालून सिनेमा केला, फी भरून तो तुमच्याकडे पाठवला, त्यांना आपलं कुठे राहिलं हे कळायला हवं. आणि कोणताही सिनेमा पुरेसा भारतीय आहे की नाही हा प्रश्न त्या खोलीत कुणी काढला, तर अध्यक्षांनी तो तिथेच थांबवावा. सिनेमा इथल्या माणसांचा आहे की नाही, एवढं बघण्यासाठी नियम आहेतच.

आमच्या वहीत सिनेमाच्या नावापुढे कारण लिहिल्याशिवाय सही करता येत नाही. तुमच्या निवडपत्रालाही यंदापासून तोच नियम लावा, ही विनंती.

आपली,
पुण्यातली एक प्रेक्षक